हिरवा केक

मायवोरचा कॉफीचा मग निळा होता, कडेला टवका उडालेला. आमची मोटारींची कंपनी चिनी मालकाने विकत घेतली, त्या आठवड्यात तिने कारखान्यातलं आपलं कपाट रिकामं केलं. स्वेटर, जास्तीचे मोजे, मुलीचा फोटो, सगळं घरी नेलं. निळा मग तेवढा रोज सकाळी पिशवीतून यायचा आणि कामाची पाळी संपली की धुऊन-पुसून परत जायचा. कुणी विचारलं तर म्हणायची, "हे लोक उद्या कारखाना खोक्यांत भरून घेऊन जातील. त्यात माझा मग नको."

चार वर्षं तो मग असा जा-ये करत होता. एकही खोकं कुणी भरलं नाही, पण मायवोर काही ऐकायची नाही. तिच्यासारखी हट्टी बाई मी गोथेनबर्ग शहरात दुसरी पाहिली नाही, आणि इथे संसार करून मला पंचवीस वर्षं झाली.

आम्ही दोघी पाऊसघरात काम करायचो. गाडी पुरी जोडून झाली की शेवटी तिथे येते. चारी बाजूंनी फवारे सुटतात, आणि गाडी बाहेर पडली की उजवी दारं मायवोरची, डावी माझी. गालिच्याखाली हात घालायचा, रबराच्या पट्टीवरून बोटं फिरवायची, ओल लागली तर काचेवर लाल पट्टी चिकटवायची. बाहेर आमच्या गावचा पाऊस, आत हा. आमची बोटं सदा सुरकुतलेली.

मायवोर आडनावाची बेरिलुंड, पन्नाशीची, उंच, तोंडाने फटकळ. पन्नाशी हे कामगाराचं सगळ्यात वाईट वय. पेन्शन लांब असते आणि नवीन नोकरी त्याहून लांब. तिला हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं, कारण तिच्या वडिलांना याच वयात घरी बसवलं होतं.

तिचे वडील हिल्डिंग जहाजं जोडायचे. नदीकाठच्या गोदीत जन्म गेला. मायवोर शाळेत होती तेव्हा गोदी बंद झाली. त्या दिवशी साहेबांनी काम थांबवून सगळ्यांना जमवलं, आभार मानले, फुलं दिली आणि केक कापला. आमच्याकडचा तो नेहमीचा केक, वर हिरव्या बदामी साखरेचं पांघरूण आणि मधोमध गुलाबाचं फूल. हिल्डिंगनी आपला तुकडा तिथे खाल्ला नाही. खोक्यात घालून घरी आणला. आईने फ्रीजमध्ये ठेवला. रोज फ्रीज उघडायचा, सगळे बघायचे आणि कुणी हात लावायचं नाही. शेवटी आईने तो कचऱ्यात टाकला. त्यानंतर मायवोरने हिरव्या केकला तोंड लावलं नाही. पन्नासावा वाढदिवस झाला तेव्हा रीतीप्रमाणे तिनेच आम्हाला केक आणला, पण सफरचंदाचा.

तर चिनी मालक आला, आणि त्याच्याबरोबर ग्वो वनबिन नावाचा एक इंजिनिअर. बारीक अंगाचा, चाळिशीचा, कायम थंडी वाजत असलेला. आमच्याकडे साहेबालाही नावानेच हाक मारतात, म्हणून तोही आल्या आल्या सगळ्यांचा वनबिन झाला. दिवसभर हिंडायचा आणि विचारत बसायचा. हे असं का करता? ते तसं का नाही?

"मोजमाप घेतोय," मायवोर माझ्या कानात म्हणाली. "फर्निचर हलवण्याआधी माणसं घेतात ना, तसं."

पुढे नवीन मोठी गाडी आली. नवे यंत्रमानव, नवा सांगाडा, चिनी पैसा आणि आमचं जुनं दुखणं, म्हणजे काही केल्या गाडीत पाणी शिरता कामा नये हा हट्ट. गाडी बाजारात जायची तारीख ठरली होती. आणि नेमकी मायवोरच्या हाताला मागच्या डिकीत ओल लागली. एका गाडीत, मग दुसरीत. ती लाल पट्ट्या लावत सुटली.

आमच्या विभागाचा साहेब तोर्गनी धावत आला. तो भला माणूस आहे, पण घाबरला की कान लाल होतात. "मायवोर, थेंबभर तर आहे. तारीख जवळ आलीय गं."

"मग तारखेला सांग, कोरडी हो."

इतक्यात वनबिन आला. मला वाटलं, आता हिला बोलणी बसणार. त्याने कोट काढून तोर्गनीच्या हातात दिला, बॅटरी घेतली, डिकीत शिरला, अंगाचं मुटकुळं केलं आणि म्हणाला, "झाकण लावा. पाणी सोडा."

आम्ही एकमेकींकडे बघितलं. मग सोडलं. बाहेर आला तेव्हा त्याचा एक खांदा ओला होता आणि चेहरा मात्र खूश. "कोपऱ्यात. रबर वळतं तिथे," तो म्हणाला. "तारीख पुढे ढकला. मालकाला मी सांगतो."

तोर्गनीचे कान पांढरे पडले. मायवोरने वनबिनला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "टॉवेल द्या रे त्याला कुणीतरी," एवढंच बोलली. तिच्या तोंडून हे म्हणजे आरतीच. पण संध्याकाळी तिचा मग पिशवीत गेलाच.

गाडी उशिराने निघाली आणि हातोहात खपू लागली. वर्तमानपत्रं म्हणायची, इतकी चांगली गाडी आम्ही आजवर बनवली नव्हती. मला वाटलं, आता तरी बाई शांत होईल. कुठलं काय!

पानगळीच्या दिवसांत एका मंगळवारी तोर्गनी सांगत आला की गुरुवारी दोन वाजता काम थांबेल, सगळ्यांनी मोठ्या हॉलमध्ये जमायचं, कॉफी आहे. का, ते सांगेना. कान मात्र लाल. आमच्याकडे कॉफी रोजची आहे आणि शुक्रवारी तिच्याबरोबर दालचिनीचे बनही असतात. पण त्यासाठी काम कधी थांबत नाही. 

गुरुवारी सकाळी ती उपाहारगृहाच्या मागच्या दारावरून आली ती पांढरीफटक होऊन.

"केक आलेत," ती म्हणाली.

"मग खाऊ की," मी म्हणाले.

"हिरवे. भिंतभर रचलेत. आणि फुलांच्या बादल्या."

मग मीही खाण्याचं नाव काढलं नाही. कारण इथली रीत मला आता चांगली माहीत आहे. या देशात माणसाला तोंडावर चांगलं म्हणत नाहीत. वर्षानुवर्षं नीट काम करा, कुणी काही बोलणार नाही, आणि न बोलणं हीच पावती. कौतुक, फुलं, भाषण आणि हिरवा केक हे सगळं एकदम मिळतं ते निरोपाच्या दिवशी. दोन वाजेपर्यंत ही बातमी कारखानाभर झाली. एसाद नावाचा आमचा बोस्नियाचा मित्र सदा चेष्टा करतो, पण त्या दिवशी तोही केविलवाणं हसला. "इतके केक आणलेत म्हणजे सगळ्यांनाच घरी पाठवणार."

दोन वाजता गाड्या वाहून नेणारा पट्टा थांबला. तो थांबला की कानाला टोचतं, इतकी शांतता होते. मायवोर अंगात जाकीट घालून, खांद्याला पिशवी लावून हॉलमध्ये माझ्याशेजारी उभी राहिली. तिने माझा हात धरला होता. तिची बोटं गार होती. मीही घाबरले होते, खोटं कशाला सांगू? घराचं कर्ज होतं आणि नवराही याच कारखान्यात.

वनबिन पुढे आला. हातात कागद. आमच्या भाषेत वाचू लागला, अडखळत. "मित्रांनो, तुम्ही इतकी वर्षं जे काम केलंत, त्याबद्दल मनापासून आभार."

कुणीतरी मागे मुसमुसलं. वनबिन दचकला आणि पुढची ओळ हरवून बसला.

दुसऱ्याचं बोलणं मध्येच तोडणं हा आमच्याकडे मोठा असभ्यपणा. मायवोरने तो केला. "वनबिन! उगाच घोळ घालू नकोस. सरळ सांग, कधी बंद?"

"काय बंद?"

"कारखाना!"

त्याने कागदाकडे पाहिलं, मग तोर्गनीकडे, मग आमच्या सगळ्यांच्या मढ्यासारख्या चेहऱ्यांकडे. "बंद? कशाला बंद? गाड्या पुरत नाहीत. आता रात्रपाळीही सुरू होणार आहे. नवीन माणसं घ्यायची आहेत, खूप माणसं. हेच सांगायला..." त्याने कागद खाली केला. "मी मागे एकदा विचारलं होतं, तुमच्याकडे लोकांचे आभार कसे मानतात? तर सांगितलं, काम थांबवायचं, फुलं, भाषण आणि हिरवा केक."

"कुणी सांगितलं?" मायवोरचा आवाज चढला.

वनबिनने एसादकडे बोट दाखवलं.

"मी खोटं काय सांगितलं?" एसाद ओरडला. "असेच तर मानता तुम्ही आभार! माझे अजून कुणी मानले नाहीत, कारण मी अजून गेलो नाही!"

आणि सगळा हॉल जो काही हसला! माणसं हसता हसता डोळे पुसत होती. तोर्गनीने खुर्ची शोधली. माझा जीव असा भांड्यात पडला की मी भलत्याच माणसाला मिठी मारली. मायवोर मात्र चालत वनबिनच्या समोर गेली आणि त्याच्या छातीवर बोट रोवून म्हणाली, "अरे शहाण्या, नोकरीवर असलेल्या माणसांना कुणी हिरवा केक देतं का? जीव गेला असता माझा!"

"मग काय द्यायचं?"

तिने विचार केला. "काही नाही. डिकीत शिरलास तेवढं पुरे होतं."

तो बिचारा आणखीनच गोंधळला. मग तिनेच त्याच्यासाठी कॉफी भरली, स्वतःच्या मगात, आणि त्याच्या हातात दिली.

केक तिने खाल्ला नाही. एक मोठा तुकडा खोक्यात भरून घेतला आणि मला म्हणाली, "गाडी आणलीयस ना? बाबांकडे सोड."

हिल्डिंग आता चौऱ्याऐंशीचे, वृद्धाश्रमात राहतात. खिडकीतून नदी दिसते. मायवोरने खोकं त्यांच्या पुढ्यात ठेवून उघडलं. हिरवा रंग दिसताच म्हाताऱ्याचा हात टेबलावर होता तिथेच थांबला. त्यांनी वर पाहिलं.

"तुलाही?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा. बंद नाही करत. रात्रपाळीला माणसं घेतायत."

"केक देऊन?"

"नवीन आहेत. त्यांना माहीत नव्हतं."

हिल्डिंगनी खोकं जवळ ओढलं. मग म्हणाले, "चमचा आण." पहिला घास त्यांनी जिभेवर घोळवला. "बरा लागतो की," ते म्हणाले. "तेव्हाचाही असाच असणार. उगाच वाया घालवला आपण." मायवोरने दुसऱ्या बाजूने चमचा घातला. दोघं एकाच खोक्यातून खात राहिली, आणि ती रडत होती, अगदी उघड.

"रात्रपाळीला माणसं घेतायत म्हणालीस," म्हातारा थोड्या वेळाने म्हणाला. "वयाची अट काय आहे?"

तिथली परिचारिका कॉफी घेऊन आली. कप एक कमी होता. "थांब, माझा मग आहे," म्हणत मायवोरने पिशवीत हात घातला. चाचपडली. पिशवी मांडीवर घेऊन आत डोकं घातलं.

"वनबिनकडेच राहिला," ती म्हणाली.

"आणू का जाऊन? वीस मिनिटांचा तर रस्ता," मी उठले.

तिने पिशवीची चेन लावली आणि वडिलांच्या खोक्यात पुन्हा चमचा घातला.

"राहू दे गं. उद्या आहेच की."