बिनचेहऱ्याची आई

आईचा चेहरा मला कागदावर हवा आहे, आणि तो काही केल्या येत नाही. फोटो म्हणाल तर मतदार ओळखपत्रावरचा एक आहे, पण त्यात ती पोलिसांनी धरून आणल्यासारखी बघते. ती माझी आई नव्हेच.

आई मासे विकायची. मी दर रविवारी आचऱ्याहून एस.टी.नं सावंतवाडीला फॅशन ड्रॉइंगच्या क्लासला जायचे. बाई शिकवायच्या, खरं माणूस साडेसात डोक्यांएवढं उंच, फॅशनच्या चित्रातली बाई नऊ डोक्यांएवढी, आणि वाढलेली उंची सगळी पायांत. आईनं एकदा माझा कागद उचलला.

"काय गो, हिचे पाय इतके लांब कित्याक? खाडीत उतरतली काय?" मग तिचं बोट वर सरकलं. "आणि तोंड खंय आसा?"

"लोकांनी कपडे बघायचे, तोंड नाय. म्हणून कोरा सोडतत."

"बरा आसा. तेवढीच कटकट कमी."

पुढे बाईंनी समोर माणूस उभं करून चित्र काढायला सांगितलं. एका पायावर भार, दुसरा सैल. आईला परसात उभी केली, तर ही राष्ट्रगीताला उभी राहिल्यासारखी ताठ.

"आये, सैल उबी रव मगे."

"माका सवय नाय तेची. चलाक सांग, नायतर बसाक सांग."

मला रडू यायचंच बाकी होतं. शेवटी तिच्या डोक्यावर चुंबळ ठेवली आणि वर माशांची रिकामी पाटी. झालं! कंबर एका बाजूला गेली, मान वर आली, खांदे उतरले, लुगड्याच्या चुण्या कमरेपासून गुडघ्यापर्यंत आपसूक पडल्या. दिवेलागणीपर्यंत ती तशीच उभी होती, एकटक माझ्याकडे बघत. आणि मी शहाणी चुण्या बघत बसले होते. चेहरा शिकवल्याप्रमाणे कोरा सोडला. बाई खूश झाल्या, पाटी खोडून तिथे हॅट काढ म्हणाल्या. हॅट मात्र मी काढली नाही, पाटीच ठेवली.

पुढच्या वर्षी आई तापाचं निमित्त होऊन गेली. तिची मान, तिचे खांदे मी झोपेतसुद्धा काढीन. गालाशी आले की हात थांबतो.

एका चतुर्थीला घरी गेले तेव्हा ते चित्र घेऊन घरापुढच्या खळ्यात बसले. म्हटलं, आज चेहरा काढायचाच. काढून काढून, खोडून खोडून कागद मळला. बाबा शेजारी फाटलेलं जाळं सांधत होते. मग उठले आणि कागद माझ्या हातातून हळूच काढून घेतला.

"पुरे आता. तसाच रवांदे. माका दिसता ती."

मी पेन्सिल खाली ठेवली. म्हटलं, "बाबा, माका दिसणा नाय."