फुलसिंगचं वजन

चूक माझी होती. हे आधीच लिहून टाकतो. पुढं मालक येईल, त्याचं बोलणं येईल, आणि वाचणाऱ्याचा राग त्याच्यावर जाईल. त्या रागाच्या आड मी सहा वर्षं लपलो. आता लपायचं नाही.

अमरावतीच्या एका शाळेतली खोली. बाकं भिंतीला सारलेली, मधे डॉक्टरांचा उभा काटा. विभागाच्या बॉक्सिंग स्पर्धा होत्या आणि सकाळी वजनं चालली होती. फुलसिंग नुसत्या चड्डीवर काट्यावर उभा होता. दहा दिवस अर्ध्या भाकरीवर काढलेले. बरगड्या मोजून घ्याव्या अशा. डॉक्टरांनी दांडीवरचा लोखंडी तुकडा सरकवला, पुन्हा सरकवला, आणि म्हणाले, "त्रेपन्न."

त्याचं नाव एक्कावन्नच्या गटात दिलेलं होतं. दोन किलो जास्त.

आम्हाला शिकवणारे हवालदार पलटणीतून आलेले, शिस्तीचे. त्यांनी त्याला खाली उतरवून परत चढवलं. त्रेपन्नच. मालक दाराशी खुर्ची टाकून बसले होते. यवतमाळच्या ज्या कापसाच्या जिनिंगच्या मागच्या टिनाखाली आमचा आखाडा होता, ते जिनिंग त्यांचं. त्यांचा पोरगाही आमच्यातच खेळायचा. मालक हसले.

"रस्त्यानं कुठं हात मारला रे? चोराची जात. भाकर दिसली का हात जाते."

खोलीत इतर गावचे खेळाडू होते, पंच होते. काही हसले. कोणीतरी फुलसिंगची पिशवी उलटी केली. त्यात फडक्यात बांधलेले तिळाचे लाडू निघाले. त्याच्या याडीनं, म्हणजे आईनं, वजन झाल्यावर खायला दिलेले. फडक्याची गाठ सुटलेली नव्हती. ती गाठ मी पाहिली. तिच्याकडं दुसऱ्या कोणी पाहिलं नाही.

मालकांनी मला पुढं बोलावलं. "हुंग याचं तोंड. तुमच्याच तांड्याचा हाय. तुले वास बराबर समजंल."

मी हुंगलं.

 मी तेवीस वर्षांचा होतो, फुलसिंगही तेवढाच. बोरी अरबच्या बाजूला आमचा तांडा, एकाच ओळीत आमची घरं. मी वाकलो आणि त्याच्या तोंडाशी नाक नेलं. तिळाचा वास नव्हता. उपाशी माणसाच्या तोंडाला येतो तो आंबट, कोरडा वास होता. मी सरळ उभा राहिलो आणि म्हणालो, "समजून नाही राह्यलं, मालक."

तेव्हा फुलसिंगनं माझ्याकडं पाहिलं. "तू सांग. काल तुह्या काट्यावर किती होतो मी?"

"एक्कावन्न," मी म्हणालो.

काल काट्यावर एक्कावन्न, आज त्रेपन्न. म्हणजे पोरानं रातून खाल्लं. माझ्या एका शब्दानं तो चोर ठरला. आणि तो शब्द खोटा आहे असं कोणी म्हणू शकलं नसतं.

खोटा काटा होता. ते मला ठाऊक होतं.

मी त्या जिनिंगमध्ये मापं टाकायला होतो. कापसाची गाडी आली की मोठ्या तराजूच्या एका पारड्यात कापसाचं बोंदरं, म्हणजे गाठोडं, जायचं, दुसऱ्या पारड्यात मी मापं ठेवायचो. किलोची मापं तेव्हा नवीनच आलेली. शेतकऱ्यांना मण आणि शेर कळायचे, किलोचा अंदाज कोणालाच नव्हता. मालकांनी त्याचा फायदा घेतला. वीस किलोच्या मापांना खालून भोक पाडून शिसं ओतलं होतं. वीसचं माप एकवीसचं. कापूस कमीच भरायचा.

मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागत नाही. दिवसभर मापं उचलणाऱ्याच्या हाताला कळतं. पहिल्याच हंगामात मी एक माप उलटं करून पाहिलं आणि गुपचूप पारड्यात ठेवलं. नोकरी होती. तांड्यातून जिनिंगवर लागलेला मी पहिला. पुढं माझ्या बापाची गाडी आली. मी तीच मापं टाकली. बाप माझ्याकडं कौतुकानं पाहत होता, पोरगा काट्यावर हाय म्हणून.

आता वजनगटाचं सांगतो. एका आखाड्यातून एका गटात एकच खेळाडू पाठवता यायचा. चौपन्नचा गट मालकाच्या पोरासाठी ठेवलेला, त्यावर बोलायची सोय नव्हती. फुलसिंगला खाली एक्कावन्नमध्ये जायचं, नाहीतर वर सत्तावन्नमध्ये. हवालदार त्याला म्हणाले होते, "बावन्न असलास तर खाली उतर, एक किलो काही मोठी गोष्ट नाही. चौपन्न असलास तर खाली जायचं नाव काढू नको. पोटभर खा, वर जा. तुझा हात लांब आहे, वर तुझ्यासमोर कोणी टिकत नाही." गट चुकला तर माणूस रिंगणात जायच्या आधीच हरतो, हे त्यांचं नेहमीचं म्हणणं.

आमचं वजन जिनिंगच्या तराजूवरच व्हायचं. फुलसिंग पारड्यात मांडी घालून बसला. मी मापं टाकली. वीस, वीस, दहा, दोन. दांडी सरळ झाली. बावन्न.

दोन वीसची मापं. खरं वजन चौपन्न. एवढा हिशेब मला येत होता.

फुलसिंग पारड्यातून उतरला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "या काट्याचं मले नको सांगू. तुह्या हातानं सांग. किती हाय मी?" त्याचा विश्वास मापांवर नव्हताच, माझ्यावर होता. मालक पाच पावलांवर उभे होते. पण खरं सांगतो, भीती मालकांची नव्हती. त्याला चौपन्न म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न आला असता, तुले कसं माहीत? मग दोन हंगाम तांड्याचा कापूस मी कोणत्या मापानं मोजला, तेही सांगावं लागलं असतं. बापाचा, फुलसिंगच्या घरचा, सगळ्यांचा.

"बावन्न," मी म्हणालो.

त्या दिवसापासून त्यानं खाणं सोडलं. अमरावतीला जाताना एस.टी. नेरला थांबली, सगळ्यांनी भजी खाल्ली, चहा घेतला. फुलसिंगनं तोंडात घोटभर पाणी घेतलं, खळखळून खिडकीतून थुंकलं. मी त्याच्या शेजारी बसलो होतो. रात्री शाळेच्या वऱ्हांड्यात झोपलो तेही शेजारी. त्यानं काही खाल्लं नाही याचा साक्षीदार मी एकटा.

सकाळच्या वजनानंतर दोन किलो उतरवायला पंचांनी त्याला तासभर दिला. घोंगडी पांघरून तो मैदानाला चकरा मारत राहिला. पाचव्या की सहाव्या चकरेत बसला, उठला नाही. हवालदारांनी त्याचं नाव खोडलं. त्यांना खरंच वाटलं होतं की त्यानं खाल्लं. ते त्याला एवढंच म्हणाले, "मला सांगितलं असतंस तर बरं झालं असतं." तो एकटाच बस स्टँडकडं चालत गेला. मी गेलो नाही. दुपारी मालकाच्या पोराची लढत होती. त्याच्या कोपऱ्यात टॉवेल घेऊन मी उभा होतो. तो जिंकला. मी त्याला पाणी पाजलं.

तिथं उभा असताना एक गोष्ट लक्षात आली. मालकाचा पोरगा आमच्या तराजूवर कधीच बसला नव्हता. त्याचं वजन दर वेळी सरकारी दवाखान्यात व्हायचं. म्हणजे सकाळी चोराची जात म्हणताना मालकांना सगळं ठाऊक होतं. खोलीत आम्ही दोघंच जाणते होतो. मालक आणि मी. त्यांच्यात आणि माझ्यात मला फरक सापडेना.

गोष्ट आमच्या आधी तांड्यात पोचली. पोरं फुलसिंगला लाडू म्हणून हाका मारायची. म्हातारे म्हणायचे, कोरांच्या गावात, म्हणजे परक्यांत, जाऊन नाव घालवलं. त्यानं खेळणं सोडलं आणि सडकेवर खडी फोडायला जाऊ लागला.

पंधरा दिवसांनी त्याची याडी कापसाची गाडी घेऊन जिनिंगवर आली. बोंदरं पारड्यात गेलं. मी वीसचं माप उचललं. ती जवळ आली आणि हळूच विचारलं. आमच्या बोलीत विचारलं, मी वऱ्हाडीत लिहितो. "तू तं होता तिथं. खाल्ले का रे त्यानं लाडू? मी दिले म्हणून त्याच्यावर आलं. मले खरं सांग, मी कोणाले नाही सांगत."

तिला वाटत होतं, दोष तिच्या लाडवांचा.

माप हातात जड झालं. मी ते पारड्यात ठेवलं नाही. खाली जमिनीवर उलटं केलं. शिशाचा गोल चकाकला. रांगेतले गाडीवाले उतरून आले. मालक ऑफिसातून ओरडले नाहीत, शांतपणे म्हणाले, "ठेव ते पारड्यात."

"नाही ठेवत."

"तांड्यात परत जाशील. ढोरं वळशील."

"वळीन. पण हे नाही ठेवत."

दुसरं मापही उलटं केलं. त्या दिवशी एकही गाडी तिथं मोजली गेली नाही. मला हाकललं.

गोष्ट इथं संपवली असती तर मी चांगला माणूस ठरलो असतो. ठरलोच होतो. तांड्यानं मला खांद्यावर घेतलं. तुले कसं समजलं, असं नायकानं, म्हणजे तांड्याच्या प्रमुखानं, विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "आजच समजलं." दोन शब्द. लोक मला सभांना न्यायला लागले, मी अन्यायावर बोलायला लागलो, टाळ्या घ्यायला लागलो. सहा वर्षं. काटा खोटा होता हे कळूनही फुलसिंगच्या वजनाशी कोणी त्याचा धागा जोडला नाही. मी जोडू दिला नाही. याडीच्या प्रश्नाला उत्तर न देता मी माप उलटं केलं होतं, आणि त्या गडबडीत तिचा प्रश्न तसाच राहिला. सहाव्या वर्षी ती वारली.

तिच्या तेराव्यानंतर मी फुलसिंगकडं गेलो. तो अंगणात दावं वळत होता. मी सगळं सांगितलं. वीसची दोन मापं, चौपन्न, बावन्न. माफ कर म्हणालो. त्यानं दावं खाली ठेवलं नाही.

"मले माहीत हाय," तो म्हणाला. "तू मापं उलटी केली त्याच सांजी मी हिशेब केला. दोन मापं, दोन किलो. तू कधी सांगतं ते पाहून राह्यलो होतो."

"मंग तू काहून नाही बोलला?"

"चोराचं कोण ऐकते?" त्यानं दाव्याला आणखी एक पीळ दिला. "आन् मले एकट्याले कायले सांगतं? मले चोर साऱ्या तांड्यात म्हणलं."

त्या आठवड्यात नायकाच्या घरापुढं तांडा बसणार होता. ग्रामपंचायतीला मला उभं करायचं ठरवायला. सगळे आले. फुलसिंग मागं, भिंतीला टेकून. माझं नाव निघालं तसा मी उठलो आणि म्हणालो, हे नाव घेऊ नका. मग सांगितलं. बापाच्या गाडीपासून सांगितलं. बाप समोर बसला होता, त्यानं मान खाली घातली, ती शेवटपर्यंत वर केली नाही. नायकानं मधे थांबवायला पाहिलं, झालं ते झालं म्हणाला. मी थांबलो नाही. नेरचं पाणी सांगितलं, न सुटलेली गाठ सांगितली, त्याचं तोंड हुंगलं ते सांगितलं. त्या दिवसापासून मी कोणत्याही सभेत उभा राहिलो तर आधी हे सांगतो, मग बाकीचं बोलतो. ऐकणारे उठून गेले तरी.

त्या बैठकीत शेवटी मी फुलसिंगकडं वळलो.

"तू नव्हतं खाल्लं. तुह्या याडीले हे मी सांगाले पाहिजे होतं, मी नाही सांगितलं. चोर मी होतो. मले माफ नको करू. पण याच्यापुढं कोणी तुले चोर म्हणलं, तं त्याले माहं नाव सांग."