अर्धवट डावांचं म्युझियम

प्रेमला गायकवाड टीचर बसल्यावर कशा दिसतात, हे आमच्या सोसायटीत कुणालाही ठाऊक नाही. शिकवायच्या उभ्यानं, जेवायच्या उभ्यानं, आणि बातम्या ऐकायच्या तर येरझाऱ्या घालत. सुखदेवकाका, म्हणजे त्यांचे मिस्टर, म्हणतात, "अगं, बातम्या देणारी बसलीय, तू तरी बस."

"अहो, तिला बसायचा पगार मिळतो."

कोथरूडच्या याच घरात त्यांनी वर्षानुवर्षं पाचवी ते सातवीचं गणित शिकवलं. मग मेन रोडवर एसीवाले क्लासेस आले, आईबापांना पाचवीपासूनच 'फाउंडेशन बॅच' हवी झाली, आणि टीचरांची बेल वाजेनाशी झाली. रिकामे हात त्यांना चावतात. एके दिवशी त्यांनी माळा उपसला आणि पत्र्याचे दोन डबे खाली आले. जप्त मालाचे.

नव्वदनंतर केबल आली, केबलमधून पैलवान आले, आणि पैलवानांच्या मागोमाग त्यांचे पत्ते. प्रत्येक पत्त्यावर एक पैलवान, खाली त्याची उंची, वजन, छाती, जिंकलेल्या कुस्त्या. तीस पत्ते दोघांत वाटायचे, आपला फक्त वरचा बघायचा आणि बोलायचं, "छाती!" ज्याची छाती मोठी त्यानं दोन्ही पत्ते उचलून आपल्या गठ्ठ्याच्या तळाशी घालायचे. सगळे पत्ते एकाकडे गेले की डाव संपला. आता अपूर्णांकांच्या तासाला, बाकाखाली, कुजबुजत्या आवाजात "छाती" म्हणून बघा. टीचर फळ्याकडे तोंड असतानाच म्हणायच्या, "काऽय चाललंय? आणा इकडे. पटपट." त्यांचं 'पटपट' म्हणजे फळ्यावर दोनदा आपटलेला खडू.

पण टीचरांची एक खोड होती. दोघांचे पत्ते त्या कधी एकत्र करायच्या नाहीत. ज्याच्या हातात जे होतं ते त्याच क्रमानं, वेगवेगळ्या रबरांत, वर चिठ्ठी. वार्षिक परीक्षा संपली की डाव होता तिथून पुढे सुरू करता यावा, म्हणून. मागायला मात्र कुणी आलं नाही. टीचरांच्या दारात पत्ते मागत उभं राहण्यापेक्षा नवे विकत घेणं सोपं होतं.

म्हणजे डब्यांत नुसते पत्ते नव्हते, मधेच थांबलेले डाव होते. टीचरांच्या डोक्यात म्युझियम शिरलं आणि सुखदेवकाकांची दुपारची झोप गेली. सोसायटीची टेबल टेनिसची खोली धूळ खात होती. टीचर तिथे दिवसातून तीनदा टेप घेऊन. "इथे दार. आत आलं की डावीकडे पैलवान, समोर बबलगमातले क्रिकेटवाले, उजवीकडे वेफर्सच्या पाकिटातले राक्षस. अहो, टेप ताणून धरा, लोकर नाहीये ती!"

चेअरमन गोपाळकृष्ण दामले यांचं प्रत्येक वाक्य एकाच शब्दानं सुरू होतं. "तत्त्वतः माझा विरोध नाही. परंतु आयटीवाले भाडेकरू जिम मागताहेत. आपण एक रविवार मांडून दाखवा. समितीला पटलं तर खोली आपली."

रविवार आला. टीचरांनी रांगेनं काचा मांडल्या, प्रत्येक काचेखाली समोरासमोर दोन गठ्ठे. भिंतीवर पाटी: 'हात लावू नये. दोन्ही खेळाडू हजर असल्यास लावावा.' दामलेकाका पाटी वाचून खूश झाले, दोन काचा पाहून आणखी खूश झाले, आणि तिसऱ्या काचेशी थबकले.

'अर्णव दामले: १ पत्ता. निकिता शेंडे: २९ पत्ते. जप्त, फेब्रुवारी १९९६.'

अर्णव हा त्यांचाच मुलगा. आता हडपसरच्या आयटी पार्कात नोकरीला, आणि रविवार म्हणून त्यांच्या मागेच उभा. बारा वर्षं कोजागरीच्या दुधाबरोबर सगळ्या सोसायटीनं त्याच्याकडून एकच गोष्ट ऐकलेली: "ॲक्चुअली मी जिंकत होतो, तेवढ्यात टीचरनी उचलले."

"तत्त्वतः," दामलेकाका म्हणाले, "इथे काही गफलत आहे."

"नाही. रबर मीच लावलंय."

"अर्णव, सांग की."

अर्णवनं मोबाइलमध्ये डोकं घातलं. "ॲक्चुअली, बारा वर्षांत इकडचे पत्ते तिकडे जाऊ शकतात ना..."

"ऐकलंत? पंधरा-पंधरा करून टाका. कुणाचं काय जातंय? समितीचं मी बघतो."

टीचरांनी टेबलाला एक फेरी मारली, मग दुसरी. सुखदेवकाका हळूच म्हणाले, "अगं, चौदा तर पत्ते आहेत. सरकव."

"अहो, हे चौदा सरकवले तर बाकीच्या काचांखालचं कुणी खरं का मानावं?" आणि दामलेकाकांकडे वळून, "खोली जिमला द्या. कुणीतरी घाम गाळलेला बरा."

संध्याकाळपर्यंत म्युझियम टीचरांच्या हॉलमध्ये होतं. बाबासाहेबांच्या फोटोची भिंत तेवढी मोकळी. बाकी सगळीकडे काचा. सुखदेवकाका ताट मांडीवर घेऊन राक्षसांच्या शेजारी जेवायला लागले. बेल वाजली की टीचर धावत. बहुतेक वेळा कुरियर असायचं, तेही शेजारच्यांचं. मग त्या पुसलेल्याच काचा पुन्हा पुसत.

एका रविवारी मात्र दारात अर्णव होता. मोबाइल खिशात.

"टीचर, तो डाव... खेळून संपवून टाकतो ना."

"पाटी वाच."

"निकिताला कंपनीनं न्यू जर्सीला पाठवलंय!"

"पाटी पूर्ण वाच."

डिसेंबरात सुट्टीवर निकिता आली. "ओ माय गॉड, टीचर, तुम्ही अजून उभ्याच!" मग काचेकडे बघून अर्णवच्या पाठीत धपाटा. "एकोणतीस! आणि तू काय सांगत फिरत होतास रे?"

"हो ना यार, एकच राहिला होता. त्या दिवशी तासाला खोकलो पण मुद्दामच. टीचरनी पकडावं म्हणून."

जिमच्या आवाजाबद्दल काही सांगायला वर आलेले दामलेकाका नेमके दारात उभे होते. "तत्त्वतः," ते म्हणाले. चप्पल काढून ते आत आले.

काच उचलली गेली. बोलायची पाळी निकिताची. "उंची!" अर्णवचा एकुलता एक पैलवान ताडमाड निघाला. दोन पत्ते. "वजन!" तीन. निकितानं मधे एक-दोन परत ओढले, पण अर्णव सरकत राहिला. मोठ्या आवाजात "छाती!" म्हणायला मिळाल्यावर दोघांना थांबवतो कोण? दामलेकाका गुडघ्यांवर हात टेकून वाकले होते. टीचर स्वयंपाकघरातून हॉलमध्ये, हॉलमधून स्वयंपाकघरात. चहा कुणाच्याच हातात आला नाही. प्रत्येक पत्त्यागणिक त्यांचं तोंड उतरत चाललं होतं. आज ना उद्या हा डाव संपणार, आणि काचेखाली उरणार एक साधा गठ्ठा.

"अर्णव, कुस्त्या बोल, कुस्त्या!" दामलेकाका ओरडले.

"काऽय चाललंय?"

टेबलावर दोनदा टकटक.

"आणा इकडे. पटपट."

दोघांचे हात आपोआप पुढे झाले, माना खाली. टीचरांनी एक गठ्ठा एका रबरात घातला, दुसरा दुसऱ्यात, आणि नवी चिठ्ठी लिहिली. अर्णव ११, निकिता १९. पुन्हा जप्त.

"अहो टीचर, आता तर तो वर येत होता!" दामलेकाका कळवळले.

"मग पुढच्या डिसेंबरात यावं. दोघांनी." टीचरांनी काच परत ठेवली. "आणि दामलेसाहेब, तुम्ही बाहेरून सांगत होतात. मी पाहिलंय."