मांडीवरचा नारळ

मी बीडमध्ये जीपच्या, टेम्पोच्या सीटा शिवतो, आणि मला रोलर कोस्टरचं वेड आहे. आमच्या जिल्ह्यात रोलर कोस्टर नव्हताच, तरी त्याचे वेडे सहा होते. त्यातला एक बसस्टँडजवळचा फळवाला, तो माझा दोस्त. दुसरे कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले एक सर, ते आमचे पुढारी. बाकीचे तिघे माना डोलवायला. जगात कुठं नवा कोस्टर सुरू झाला की आम्ही मोबाइलवर त्याचा व्हिडिओ दहा दहा वेळा पाहायचो आणि मग माझ्या दुकानात फोमच्या गठ्ठ्यांवर बसून भांडायचो. डबे कसे, चाकं कशी, आणि सगळ्यात जास्त भांडण माणसाला सीटवर धरून ठेवणाऱ्या दांडीवरून.

सर म्हणायचे, एका बाकाला एकच आडवी दांडी बास झाली. उतारावर बूड सीटवरून सुटलं पाहिजे, पोटात गोळा आला पाहिजे, नाहीतर जत्रेतला पाळणा काय वाईट? फळवाल्याला खांद्यावरून छातीवर येणारं जू हवं असायचं. माझं म्हणणं एकच: ज्याची त्याला दांडी. एका बाकावर ढेरपोट्या आणि काटकुळा शेजारी बसले तर दांडी ढेरीवर अडते आणि काटकुळा मोकळाच राहतो. हे मी व्हिडिओत पाहून बोलत नव्हतो.

तीन वर्षांपूर्वी आम्ही क्रूझर जीप करून लांबच्या एका मोठ्या पार्कात गेलो होतो. बायको पहिल्यांदाच बरोबर आली होती. सगळ्यात पुढच्या बाकावर एकच जागा उरली होती, ती मी धावत जाऊन पकडली. पुढच्या सीटची मजा औरच असते. मागं राहिलेल्या बायकोला तिथल्या पोराने सरांच्या शेजारी बसवलं. सरांची ढेरी तुम्ही पाहिलेली नाही. दांडी तिच्यावर टेकली आणि तिथंच थांबली, माझी बायको तिच्याखाली ढिलीच राहिली. पहिल्या उतारावर ती उचलली गेली आणि उजव्या खांद्यावर डब्याच्या कडेला आपटली. खांद्याजवळचं हाड मोडलं.

परतीच्या वाटेवर ती हात गळ्यात बांधून दात आवळून बसलेली, आणि सर तिच्यासमोरच म्हणाले, "वहिनींना बसता आलं नाही. दांडी धरायची असते, पदर नव्हे." बाकीचे हसले. मी गप्प बसलो. तिथं गप्प बसलो म्हणूनच पुढं तीन वर्षं ते वाक्य माझ्या डोक्यात ठणकत राहिलं.

हाड जुळलं, पण हात खांद्याच्या वर जात नाही. फळीवरचे डबे तिला निघत नाहीत, मी काढून देतो. पिठाचा, डाळीचा, गुळाचा. प्रत्येक डबा खाली ठेवताना मी मनात सरांना एक शिवी हासडायचो. माणसानं सुडाला असा रोजचा खुराक घालू नये म्हणतात. मी घालत होतो, आणि मला ते आवडत होतं.

मग पालीच्या रस्त्यावर एकानं करमणुकीची बाग काढली आणि त्यात लहानसा रोलर कोस्टर बसवायचं ठरवलं. जिल्ह्यात या विषयातले जाणकार म्हणजे आम्हीच, म्हणून आम्ही सगळे बसलेलो असताना मालक स्वतः माझ्या दुकानात आला. डब्यांचे दोन नमुने होते. एकात बाकाला एक दांडी, दुसऱ्यात माणशी एक. मी तासभर बोललो. शेवटी बायकोच्या खांद्याचंही सांगितलं. सरांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला, आणि मालकाला म्हणाले, "साधी, सुटसुटीत, एकच दांडी घ्या. बल, वेग, हा हिशोब आमच्यावर सोडा." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही आपलं रेक्झिनचं बघा."

माझ्याच दुकानात, माझ्याच फोमवर बसून! तिडीक मस्तकात गेली. हातात कात्री होती, ती मी खाली ठेवली. सर गेल्यावर फळवाला म्हणाला, "जाऊ दे बे. मास्तर हाय, त्याला फळ्यापुढं बोलायची सवय हाय." मी म्हटलं, जाऊ देतो, पण व्याजासकट.

सीटा मीच शिवल्या आणि चांगल्या शिवल्या. कामात मी खुन्नस काढत नाही. मालकानं उद्घाटनाला मलाच उभं केलं, "सीटा तुझ्या, तर दांड्या नीट बसतात का ते तूच बघ. तू अंगठा दाखवलास की आम्ही गाडी सोडणार." दांडी दाबली की टक टक वाजत दात्यादात्याने खाली बसते, खाली जाते पण वर येत नाही. साध्या माणसाला पाच टक लागतात, सरांच्या ढेरीला चार. हे मी चाचणीच्या दिवशीच मोजून ठेवलं होतं.

उद्घाटन दुपारी चारला. मंडप, बँड, आणि आपल्याकडचं जे काही असतं ते सगळं. आधी सत्कार. सरांना फेटा बांधला, अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला. मग पहिल्या फेरीचा मान, तोही सरांचाच. पुढचा अख्खा बाक त्यांना एकट्याला. मालकाला चक्कर येते म्हणून तो खालीच उभा राहिला. बाकीची मंडळी मागच्या डब्यांत बसली.

आता सत्काराचा नारळ कुणी पायाशी ठेवतो का? दुसऱ्याच्या हातात देणंही बरं दिसत नाही. सरांनी तो मांडीवर घेतला आणि वरून शाल ओढली. मी दांडी दाबली. टक, टक, टक. तीन. पुढं जाईना. हाताला कळलं, ही ढेरी नव्हे. दांडी नारळावर टेकली होती. पहिल्या उतारावर नारळ घरंगळला की ढेरी आणि दांडीमध्ये चार बोटं पोकळी राहणार होती.

खोटं कशाला बोलू? मला आनंद झाला. इतका की पोटात गोळा आला, बाकावर न बसताच. सुंठीवाचून खोकला जाणार होता. मी काही केलं नव्हतं, काही करणारही नव्हतो. एकच दांडी बास, असं तेच म्हणाले होते ना? मी मागच्या डब्यांच्या दांड्या तपासल्या, मुद्दाम सावकाश, प्रत्येक दोनदा. मग बाजूला होऊन अंगठा वर केला.

"थांबवा! गाडी सोडू नका!"

आवाज माझ्या बायकोचा होता. ती कठड्याला टेकून उभी होती, डावा हात वर करून. उजवा तिला वर करता येत नाही. बँड थांबला. गाडी सोडणाऱ्याने बटणावरचा हात काढला. ती लोकांमधून वाट काढत पुढच्या डब्यापाशी आली. "सर, मांडीवरचा नारळ काढा अगुदर."

"काय झालं वहिनी? असू द्या की. मानाचा आहे."

"काढा म्हनते ना."

सरांनी शाल बाजूला करून नारळ ओढून काढला. ढेरी आणि दांडीमध्ये केवढी जागा आहे ते सगळ्यांना दिसलं. तिनं त्या जागेत आपला हात घातला, मनगटापर्यंत, आणि हलवून दाखवला. सरांचा चेहरा उतरला. त्यांना गणित येत होतंच.

मग ती मोठ्यानं म्हणाली, "दांडी धरायची असती सर, नारळ न्हाई."

आमच्या क्रूझरमधली सगळी माणसं मागच्या डब्यांत होती. आधी फळवाला हसला, मग बाकीचे, मग काही न कळता अख्खा मंडप. फेट्याखाली सरांच्या कपाळावर घाम आला. मी दांडी दाबली, चौथा टक वाजला, मग पाचवा, आणि मी सगळं वजन टाकून सहावाही वाजवला. सर "आई गं" म्हणाले. एवढाच माझा वाटा. बाकी सगळं उट्टं तिनं एका वाक्यात काढलं होतं.

गाडी फिरून आली. सर उतरले, चहाला न थांबता गेले. फोमवर ते पुन्हा बसले नाहीत. आठवड्याच्या आत मालकानं डबे परत पाठवले आणि माणशी एक दांडीवाले मागवले. मी जिंकलो होतो.

पण उद्घाटनाच्या संध्याकाळी मोटारसायकलवर ती मागं बसली होती. मीच बोलत होतो, काय तोंड झालं मास्तरचं, काय तोंड झालं! घरी आलो. तिनं पदर खोचला आणि विचारलं, "मला नारळ कठड्यावरनं दिसला. तुमचा तर हात होता दांडीवर. मंग अंगठा कावून दाखवला?"

मी म्हटलं, "शाल होती वर. गर्दीत लक्षात आलं नाही."

ती अगदी हळू म्हणाली, "माज्या नावानं कुनाला मारू नका. त्या दिशी दांडी कुटं अडली ते बघायला तुमी मागं न्हवतात. तुमी पुढची सीट धरायला पळालतात."

तीन वर्षांत ती हे एकदाही बोलली नव्हती. सवयीनं उठलो आणि पिठाचा डबा काढायला फळीकडे हात नेला.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. तिनं स्टूल ओढलं, वर चढली आणि डाव्या हातानं डबा खाली घेतला. तेव्हापासून सगळे डबे ती स्वतःच काढते.