अर्ध्या कोयत्याचं शून्य

पंकजाचा राग पंचक्रोशीत ठाऊक होता. एकदा देवगाव फाट्यावर एसटी न थांबवताच ड्रायव्हरनं पुढं दामटली, तर दुसऱ्या दिवशी तिनं जिंतूरच्या स्टॅंडवर चारचौघांत त्याला असं काही सुनावलं, की तो बाप्या आता ती दिसली रे दिसली की शंभर पावलं आधीच गाडी हळू करतो. तिची माय केशरबाई म्हणायची, "पोरीच्या अंगात राग येतो तो देवाच्या वाऱ्यासारखा. फरक एवढाच, वारं उतरतं तरी."

पण राग काही आभाळातून पडत नाही. पंकजा नऊ वर्षांची असताना तिचा बाप बजरंग तापानं गेला आणि केशरबाई अर्धा कोयता झाली.

ऊसतोडीला जाणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागत नाही, पण ज्यांनी नुसता ऊस खाल्लाय त्यांना सांगायला हवं. टोळीचा मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. जोडीतलं एक गेलं की उरलेला जीव अर्धा कोयता. बाईच्या हातातलं हत्यार पुरतंच असतं, डोक्यावरची मोळी पुरती असते, पोटातली भूक तर चांगली दीडपट असते. पण टोळीच्या हिशेबी ती अर्धी.

केशरबाई त्या अर्ध्या नावानं दोन हंगाम गेली आणि पंकजाला सोबत नेलं, कारण मागं ठेवायचं कुणापाशी? पंकजाची तिसरी-चौथी उसाच्या फडातच गेली. उसाच्या पाचटाच्या झोपडीत, कोपीत, भाकरी थापायची, दुसऱ्यांची तान्ही पोरं सांभाळायची, टँकर आला की घागरी घेऊन पळायचं. परत येऊन पाचवीत बसली तर सगळा वर्ग पुढं आणि ही पाढ्यातच अडकलेली. पोरं हसली. तिनं एकाची पाटी फोडली. मग केशरबाईनं कोयता कायमचा आढ्याला खोचला, गावातच निंदणी-खुरपणी धरली आणि पोरीला शिकवलं. पंकजा हट्टाला पेटून कॉम्प्युटरचं शिकली आणि जिंतूरला महारुद्र सरांच्या कंपनीत लागली.

कंपनी म्हणायची आपली. बियाण्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या, चार कॉम्प्युटर आणि एक पंखा, तोही सरांच्या बाजूला तोंड करून. महारुद्र माणूस वाईट नव्हता. गोड बोलायचा, चहा पाजायचा. पण त्याची कामाची रीत एकच: प्रोग्राम उघडायचा, नवरा-बायको आणि दोन लेकरं असं जाहिरातीतल्यासारखं कुटुंब त्यात भरायचं, बटण दाबायचं आणि टाळी वाजवायची. "चालायलंय ना? मंग द्या धाडून!"

पंकजाला ती रीत खुपायची. तिनं मोबाईलवरच्या एका मास्तराकडून एक फ्रेमवर्क शिकायला घेतलं होतं. फ्रेमवर्क म्हणजे घराचा उभा सांगाडा. खांब, तुळया, आढं आधीच रोवलेलं. आपण भिंती घालायच्या. सोपं वाटतं. पण सांगाड्याला वाकडी भिंत चालत नाही, आणि चार महिने पंकजाच्या सगळ्या भिंती वाकड्याच निघाल्या. ती मोबाईलवर चिडायची, मास्तरावर चिडायची, आणि मास्तर बिचारा पडद्यात असल्यामुळं शांतपणे तेच पुन्हा सांगायचा: नियम बटणाच्या पोटात कोंबू नका. नियम वेगळा काढा, म्हणजे त्याची एकट्याची परीक्षा घेता येईल.

हे तिला पटलं होतं. सुनेला स्वयंपाक येतो का, हे बघायला कुणी हजार माणसांची पंगत बसवत नाही. आधी घरात चार भाकरी थापून बघतात. महारुद्र सर मात्र थेट पंगतच बसवायचे.

पंकजा लागली त्याच उन्हाळ्यात कंपनीला एका संस्थेचं काम आलं होतं. ऊसतोडीला जाणाऱ्यांची लेकरं गावाकडंच राहावीत, शाळा बुडू नये, म्हणून संस्था हंगामापुरतं वसतिगृह चालवायची. मुकादमांनी मोबाईलवर टोळीची यादी भरायची. त्यावरून कुणाच्या लेकरांना जागा मिळाली ते प्रोग्राम सांगणार. नियम साधा: एका कोयत्यामागं दोन लेकरं. पंकजानं नोकरीच्या पहिल्याच महिन्यात लिहिलेला तो प्रोग्राम, म्हणजे फ्रेमवर्क शिकण्याच्या आधीचा. दिवाळीच्या सुमारास संस्थेनं तो वापरायला घेतला आणि टोळ्या निघायला लागल्या.

रविवारी सकाळी दारात आवाज आला.

"पंकजे! बाहीर ये आधी!"

सविता होती, वरच्या आळीतली. दोन वर्षांमागं नवरा वारलेला. एका हाताला लेक, दुसऱ्या हाताला लेकीहून लहानगा.

"काय झालं, काकू?"

"मुकादम म्हणायलाय, कॉम्प्युटरनं माझ्या लेकरायला काढून टाकलं. कोन हाय त्यो कॉम्प्युटर? दाव मला. त्याच्याशी मीच बोलते."

"काढलं नसंल हो. थांबा, बघते."

पंकजानं मोबाईल उघडला. सविताच्या नावापुढं लिहिलेलं होतं: कोयते शून्य. लेकरं शून्य.

सविताला वाचता फारसं येत नव्हतं, पण शून्य काय कुणालाही कळतं. "ही भोकं माझ्या नावाम्होरं कामून पाडलीत?"

पंकजाचे कान तापले. तिला सगळं दिसलं, विहिरीचा तळ दिसावा तसं. पहिल्या महिन्यात सर म्हणाले होते, "कोयते किती, त्ये पूर्ण आकड्यात ठेव." तिनं ठेवलं. मुकादमानं सविताचं अर्धं भरलं, आणि प्रोग्रामनं ते आत घेताना अर्धं छाटून शून्य ठेवलं. चूक झाली म्हणून ओरडला नाही की अडला नाही. शून्य कोयत्यामागं लेकरं किती? शून्य.

"कुनी केलं ह्ये?" सविता म्हणाली.

"म्या केलं, काकू."

"तू?" सविताचा आवाज चढला. "केशरबाईच्या पोटची तू! शहरातल्या सायबानं केलं असतं तर म्हनले असते, त्याला काय ठावं अर्धा कोयता. पर तू? फडात माझ्याच बाळाचा झोका हलवलास की गं तू! येत्या बुधवारी ट्रॅक्टर निघायलाय. ह्या पोरीची सातवी हाय. नेऊ तिला? भाकऱ्या थापायला बसवू?"

केशरबाई आत सुपानं जोंधळे पाखडत होती. लेकीची बाजू घ्यायला ती उठली नाही. "बोल सविता," तिथूनच म्हणाली. "ऐकू दे तिला. म्याबी हायच की ऐकायला."

सोमवारी पंकजा पहिल्या गाडीनं जिंतूरला पोचली. महारुद्र सर चहा ओतत होते. तिनं सगळं सांगितलं.

"एवढंच ना?" सर म्हणाले. "एक बाई हाय. हातानं नाव घुसडून दे. इषय मिटला."

"एकच हाय कशावरून?"

"आता पंकजा म्याडम, तुमी सकाळी सकाळी—"

"सर, आपन नवरा-बायको भरून बघितलं. एकट्या बाईला भरून कधी बघितलं?"

"चालायला लागलेल्या गाडीचं चाक काढायलीस तू."

"एक चाक न्हाईच तिला! म्हनून थांबवायले!"

सरांनी कप खाली ठेवला आणि पंखा तिच्या बाजूला फिरवला. समेटाची त्यांची तीच खूण होती. पंकजानं तो पुन्हा त्यांच्याकडं फिरवला आणि कामाला बसली.

आधी तिनं नियम बटणाच्या पोटातून उपटून काढला. तीन तास गेले, कारण मागल्या पंकजानं तो मुकादमाच्या फोटोत, मोबाईल नंबरात आणि पडद्याच्या रंगातही गुंतवून ठेवला होता. पुढची पंकजा मागलीला शिव्या देत एकेक धागा सोडवत होती. मग तिनं एक खोटा मुकादम रचला, मास्तरानं शिकवला तसा. ह्या मुकादमाला फोन नाही, मिशी नाही, तंबाखू नाही. आपण सांगू ती यादी तो निमूट हातात देतो. खऱ्या टोळीत असला मुकादम मिळाला असता, तर निम्म्या बायांचं आयुष्य सुखाचं गेलं असतं.

खोट्या मुकादमाकडून तिनं अर्धा कोयता आणि दोन लेकरं मागवली, उत्तर दोन यायला हवं असं चाचणीत लिहिलं आणि ती चालवली. पडदा लालभडक झाला, म्हणजे नापास.

मग तिनं आकडा अर्धा घेईल असं केलं. पुन्हा चालवली. ह्या वेळी प्रोग्राम म्हणाला: लेकरू एक. पडदा अजून लालच.

सर मागून बघत होते. "झालं की! शून्याचं एक झालं. आता त्या चाचणीत दोनाच्या जागी एक लिही, म्हंजी हिरवी व्हती. कोयत्यामागं दोन, तर अर्ध्यामागं एक. गणित बरुबर हाय."

गणित बरोबर होतं, हीच तर आग होती. पंकजा खुर्चीवरून उठली.

"सर, सविताकाकूला दोन लेकरं हायेत. कोनचं ठेवायचं अन् कोनचं न्यायचं, त्ये तुमी सांगायला चला तिच्या दारात. म्या न्हाई सांगनार."

खिडकीबाहेर कापसाची एक गाडी स्टॅंडकडं वळायला धडपडत होती, ते सर बघत बसले. मग म्हणाले, "नियम संस्थेचा हाय. तो आपून कसा बदलायचा? किशनराव काकाला विचार." आणि स्वतःचाच फोन तिच्या हातात दिला.

किशनराव संस्थेचे जुने कारभारी. शाळा तपासायला येणाऱ्या साहेबासारखा आवाज.

"कोयत्यामागं दोन, असं ठरलंय बाई. आजचं नाही, सुरुवातीपासून."

"काका, एकट्या बाईला तुमी अर्धा कोयता धरता?"

"मी कुठला धरतो? मुकादम धरतात."

"मंग बाई अर्धी, तर तिचं लेकरूबी अर्धंच का? अर्धं शाळेत बसवता अन् अर्धं फडात धाडता का?"

पलीकडं कागद चाळल्याचा आवाज आला. मग किशनराव हळूच म्हणाले, "म्हणून खाटा रिकाम्या राहिल्या तर. मी विचारच करत होतो. हातानं यादी करायचो तेव्हा खाटा पुरायच्या नाहीत, औंदा मागणी कमी कशी काय... मोठ्या शहाणपणानं बैठकीत सांगितलं मी, की लोक सुधारले म्हणून."

"किती खाटा रिकाम्या हायेत?"

"तीस-एक असतील."

"मंग नियम काय लिहू?"

"कोयता काढूनच टाक त्यातून. आईचं नाव लिही, आई नसेल तर जे कुणी सांभाळतं त्याचं, आणि लेकरं लिही. जबाबदारी माझी."

पंकजानं तसं लिहिलं. खोट्या मुकादमाला एकटी बाई दिली, एकटा बाप दिला, आजीपाशी सोडलेलं लेकरू दिलं, नवरा-बायको दिले. तिनं ठरवलं होतं, की आता प्रश्न ती विचारणार, प्रोग्रामनं उत्तर द्यायचं. चाचणीत लिहिलेलं उत्तर प्रोग्रामच्या सोयीनं बदलायचं नाही. एकेक करून सगळ्या हिरव्या झाल्या. तिला आनंद झाला नाही. हिरवा रंग तिनं विचारलं तेवढ्याचंच सांगतो, हे ती त्याच दिवशी शिकली होती. न विचारलेलं अजून कुठं दडून बसलंय कुणास ठाऊक.

मग तिनं खरी यादी नव्या नियमातून काढली. शून्यात गेलेली घरं सतरा निघाली. सतराच्या सतरा बाया. लेकरं एकोणतीस.

"सतरा?" सरांचा गोड आवाज आटला. "आन म्या एक म्हनलो."

मंगळवारी सविता लेकरांना घेऊन वसतिगृहावर गेली. पंकजाही गेली. लेकीनं पेटी खाटेखाली सरकवली, धाकटा खाटेवर उड्या मारायला लागला. सवितानं पंकजाला आशीर्वाद दिला नाही की आभार मानले नाहीत. फाटकापाशी थांबून एवढंच म्हणाली, "बाकीच्या बायांचं काय?"

बाकीच्यांचं हे होतं: पाच घरं अजून गावातच होती, त्यांना निरोप गेले. अकरा टोळ्यांबरोबर निघून गेली होती, लेकरांसकट. कुणी कर्नाटकात, कुणी सांगलीकडं. लेकरं आतापर्यंत कोपीत पाचट अंथरत असतील.

बुधवारी सकाळी पंकजा कामावर आली ती मुकादमांचे नंबर कागदावर उतरवूनच. महारुद्र सरांनी त्या दिवशी कुठलंही काम धाडून देण्याची घाई केली नाही. स्वतःहून म्हणाले, "निम्मे नंबर मला दे." आणि कोपऱ्यात जाऊन तेही फोन लावत बसले.

पहिल्या मुकादमानं उचलला नाही. दुसरा म्हणाला, शनिवारी एक गाडी माघारी यायलीय, तिच्यात बसवतो. तिसऱ्यानं बाईलाच फोन दिला. बाई ऐकून घेऊन रडायला लागली. पंकजानं वसतिगृहाचा पत्ता दोनदा सांगितला.

चौथा माणिकराव मुकादम. जुना, खमक्या.

"माघारी धाडू? तीन दिवसाची वाट हाय ती! पोरी, ट्रॅक्टर काय तुझ्या बापाचा हाय का?"

"बाप न्हाई मला, मुकादम," पंकजा म्हणाली. "म्हनूनच फोन लावलाय. लेकरायची नावं सांगते, लिहून घ्या. आन कधी धाडता ती तारीख सांगा. तारीख कळल्याबिगर म्या फोन ठेवत न्हाई."

पलीकडून माणिकरावांनी कुणाला तरी पेन मागितलेलं ऐकू आलं.