मॅग्नेशियमवर पाणी

दामू गेल्याचा फोन आला तेव्हा मी बाजारात बांगडे निवडत होतो. शैलावहिनी एवढंच म्हणाल्या, "भावोजी, हे गेले हो..." आणि माझ्या तोंडून पहिल्यांदा काय निघालं? "मेल्या, असाच निघालास?" मासेवाली चपापून बघायला लागली. आता महिना उलटून गेला, पण राग काही उतरत नाही. गेलेल्याबद्दल चांगलंच लिहावं म्हणतात. लिहिण्यासारखं चांगलं पुष्कळ आहे, लिहितोही. पण ज्या एका वाक्याची मी अर्धं आयुष्य वाट बघितली, ते न बोलताच तो गेला.

आम्ही दोघं रत्नागिरीतल्या एकाच शाळेत रसायन शिकवायचो. मी कायम झालेला, तो चिपळूणहून नवा आलेला, प्रोबेशनवर. शिकवायचा मात्र असा, की शेजारच्या वर्गातली पोरं भिंतीला कान लावायची. मॅग्नेशियमची फीत पेटवायच्या दिवशी तो खिडक्या लावून घ्यायचा. चिमट्यातली ती करडी पट्टी पेटली की डोळे दिपवणारा पांढरा उजेड... आणि मग दामूचा आवाज, "काय उरलं रे? पांढरी राख. पोट बिघडल्यावर ते पांढरं औषध पाजतात ना, त्यातही हेच मॅग्नेशियम. आणि दारातल्या आंब्याचं पान हिरवं आहे, तेही ह्याच्याच जिवावर!" पोरं आ वासून ऐकायची. मीही ऐकायचो, खोटं कशाला सांगू.

विज्ञान प्रदर्शनाच्या तयारीसाठी एका सुट्टीच्या दिवशी प्रयोगशाळेत आम्ही दोघंच होतो. मॅग्नेशियमच्या चुऱ्याची बरणी उघडी राहिली होती, आणि दामूच्या चिमट्यातली जळती फीत निसटून नेमकी तिच्यात पडली. भडका उडाला. जळत्या मॅग्नेशियमवर पाणी टाकायचं नाही, पाण्यातून हायड्रोजन सुटतो आणि आग आणखी भडकते, हे आम्ही दरवर्षी पोरांकडून घोकून घ्यायचो. तेच दामू विसरला. त्यानं पाण्याची बादली उचलली आणि ओतली! लाकडी कपाट पेटलं, माझा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. दाराशी भाट्याच्या किनाऱ्यावरच्या वाळूच्या लाल बादल्या टांगलेल्या असायच्या. तशाच हातानं त्या मी उपड्या केल्या, तेव्हा कुठे आग दबली. हेडमास्तर पोचायच्या आत दामू माझ्यापुढे हात जोडून उभा. "पाणी तू टाकलंस म्हण. तू कायम आहेस, तुला कोण काढणार? मला उद्या घरी बसवतील. ऑर्डर हातात पडली की मी स्वतः सांगीन सगळ्यांना. आईशप्पथ." मी हो म्हटलं. मित्र होता. हेडमास्तरांसमोर मी पाणी माझ्या नावावर घेतलं. पण वाळूचं काही ठरलं नव्हतं हो! ती त्यानं आपणहून स्वतःच्या नावावर घेतली.

ऑर्डर आली, त्यानं पेढे वाटले, सांगितलं काही नाही. मग लग्न झाल्यावर सांगणार होता, मग सुपरवायझर झाल्यावर... "सांगतो रे, पळून चाललोय काय?" इकडे मी 'पाणीवाले सर' झालो. पोरं फळ्यावर बादली काढून ठेवायची. रसायनाच्या मास्तरला ह्याहून मोठी शिवी नाही. तरी गिळलं. पण माझ्या निरोपसमारंभात दामूनं माइकवर तोच किस्सा रंगवून सांगितला, मी पाणी कसं ओतलं त्याची नक्कल करून! सगळं सभागृह हसलं. घरी येताना माझी लेक म्हणाली, "बाबा, एवढी साधी गोष्ट तुम्हाला माहीत नव्हती?"

शेवटचा भेटलो तेव्हा तो पडवीत पोटऱ्या चोळत बसला होता. पायात गोळे यायचे म्हणून डॉक्टरांनी मॅग्नेशियमच्या, पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या दिल्या होत्या. त्यांची नळी नाचवत म्हणाला, "बघ, शेवटी हेच कामी आलं. तू जरा लांब बस हां, पाणी ओतशील!" वहिनी हसल्या. त्या चहा टाकायला आत गेल्या तेव्हा मी विचारलंच. "दामू, आता तरी खरं बोल. पाणी कोणी टाकलं होतं?" त्यानं माझ्याकडे सरळ बघितलं. "तूच की रे. विसरलास?" डोळ्यांत ना थट्टा, ना लबाडी. सांगून सांगून त्याचं त्यालाच खरं वाटायला लागलं होतं. अरे मेल्या, दगा दिलास तो दिलास, निदान तो तुझ्या लक्षात तरी ठेवायचास...

तेराव्याला वहिनींनी ती नळी माझ्या हातात ठेवली. "तुमच्याही पायात गोळे येतात ना भावोजी, घ्या. रोज गोळी पाण्यात टाकताना तुमची आठवण काढून हसायचे." खरं काय ते जिभेवर आलं होतं. त्यांचा चेहरा बघितला आणि नळी खिशात टाकली.

नळी बरेच दिवस टेबलावर तशीच पडून होती. काल पाय फारच दुखायला लागले. एक गोळी काढून पेल्यात ठेवली, भाजल्याचा डाग असलेल्या हातानंच तांब्या उचलला. दामू, ऐकतोयस ना? मॅग्नेशियमवर पाणी ओतायची ही माझी आयुष्यातली पहिलीच वेळ.