सशांच्या पट्टीतली राई

बाईंनी माझ्या मैत्रिणीची मूठ आपल्या हातात धरली आणि तिला पाच पावलं चालवलं, तेव्हा मी पलीकडच्या वाफ्यात बिटाची पानं तोडत होते. तोडायची गरज नव्हती तीही तोडली.

एक मूठ, पाच पावलं. बी कसं फेकायचं त्याचं बाईंचं माप एवढंच होतं. दोन वर्षांपूर्वी ते त्यांनी मलाही शिकवलं होतं, पण लांबून, हातातल्या काठीने दाखवून. माझी मूठ कुणी धरली नव्हती.

बाई डच, ऐंशीच्या पुढच्या. द हेगजवळच्या रायस्वाइकच्या कडेला भाड्याने मिळणाऱ्या बागा आहेत, तिथे त्यांची चाळीस वर्षांची जागा. सगळ्या बागा संपल्या की पाण्याच्या चराला लागून एक लांब पट्टी आहे. त्या पट्टीत जे उगवतं ते कुणी कापायचं नाही, घरी न्यायचं नाही, कुणाला द्यायचं नाही. ते सशांसाठी आणि पाखरांसाठी. हिवाळ्यात आजूबाजूची कुरणं आखूड आणि चिखलाची होतात, तेव्हा त्यांना खायला काहीतरी हिरवं असावं म्हणून दरवर्षी उन्हाळा संपताना बाई तिथे पेरणी करत. आपल्याकडच्या भाषेत रब्बी, फक्त घरात काहीही न येणारी.

माझं या पट्टीवर पहिल्या दिवसापासून मन जडलं. आईबाबा चळवळीतले, मी पत्रकांच्या घरात वाढले. आमच्याकडे खणांत, उशाखाली, पिठाच्या डब्यामागे पत्रकांचे गठ्ठे असत. मी अक्षरं त्यांच्यावरच शिकले आणि बेरजा त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर केल्या. आई प्रत्येक मजकूर छापायला जाण्याआधी तीनदा मोठ्याने वाचायची, कारण एक शब्द चुकला तर समोरचा तेवढाच धरून बसेल. अशा घरातल्या मुलीला, ज्या जमिनीतून कुणीच काही घेत नाही अशी जमीन बघायला मिळाली. वाटलं, आईबाबा जे आयुष्यभर कागदावर मागत राहिले ते इथे एक म्हातारी बाई कुणाला न सांगता करते आहे. मला ती पट्टी हवी होती. ‘हवी होती’ हा शब्द तिथे शोभत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं.

त्या वर्षी बाईंच्या खुब्याचं ऑपरेशन ऑगस्टमध्ये करायचं ठरलं. त्यानंतर वाकणं बंद. पट्टी पुढे कुणी सांभाळायची ते बागवाल्यांच्या फेब्रुवारीच्या सभेत सांगेन म्हणाल्या, आणि तोवर मधोमध एक दोरी बांधली. डावीकडचं मला, उजवीकडचं मैत्रिणीला.

“बघू,” त्या म्हणाल्या, “जानेवारीत काय उरतं.” आमचं त्यांच्याशी बोलणं इंग्रजीत चाले, मध्येमध्ये डच.

मैत्रीण पुण्याची, माझ्याच इमारतीत दोन मजले वर राहते, आयटीत आहे. तिला बागेत मीच आणलं होतं. माझ्या वाफ्यातली मेथी न्यायला आली आणि राहिली. तिला कशाबद्दल काही ठाम मत आहे असं मी कधी पाहिलं नाही. पहिल्याच दिवशी ती बाईंना ‘आजी’ म्हणाली.

“आजी म्हणजे?” बाईंनी विचारलं.

तिने सांगितलं. बाई तो शब्द ‘आची’ असा म्हणून बघत राहिल्या आणि हसल्या. मी दोन वर्षं त्यांना त्यांच्या नावाने हाक मारत होते, इथल्या रीतीप्रमाणे, बरोबरीने. नसलेली नाती चिकटवून माणसांना गोड करू नये, असं माझं तत्त्व. परत येताना मी ते मैत्रिणीला ऐकवलं.

“बरं,” ती सायकलचं कुलूप काढत म्हणाली. “मग तू नको म्हणूस.”

बी कोणतं घ्यायचं यावर जुलैमध्ये शेडमध्ये आमचं बोलणं झालं. बाईंच्या फळीवर बिस्किटांचे जुने डबे होते, त्यांत ओट, क्लोव्हर, चाऱ्याचा मुळा, प्रत्येकावर वर्षाची चिठ्ठी. मी अभ्यास करून गेले होते. कंपनीचं रंग लावलेलं बी नको, पाकिटावर मालकी सांगणारं बी नको, जे कुणीही घरी धरून ठेवू शकतं तेच पेरायचं, हे मी पंधरावीस मिनिटं मांडलं. बाई कॉफी पीत ऐकत होत्या.

मैत्रिणीने विचारलं, “ससे काय खातात?”

बाईंनी कप खाली ठेवला आणि तिच्याकडे वळल्या. पुढचा अर्धा तास त्या फक्त तिच्याशी बोलल्या. बर्फ पडल्यावर ससा पंजाने कसा उकरतो, हाताच्या दोन बोटांनी दाखवलं. इतकं मला त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं हे खरं, पण तेव्हा ते सुचलं नाही. मी डब्यांवरची धूळ पुसत बसले.

ऑपरेशन नीट झालं. मैत्रीण आठवड्यातून दोनदा बाईंना भेटायला जाऊ लागली. माझं ऑफिस आम्स्टरडॅम स्लोटरडाइकला, परत यायला सात वाजतात, त्यामुळे मी एकदाच गेले. पलंगाशेजारी तिने नेलेला वरणभाताचा डबा धुऊन पालथा घातला होता.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, गाडीत असताना तिचा मेसेज आला. ती सायकल चालवताना फोनला बोलून मेसेज लिहवते, त्यामुळे सगळा मजकूर देवनागरीत आणि एका दमात असतो: ‘आजी म्हणाल्या राई पेरायची आठवड्याच्या आत पोतं शेडमध्ये आहे अर्धं तुझं अर्धं माझं’.

राई. म्हणजे मोहरी. मला आवडलं. साधं, सगळ्या जगाच्या ओळखीचं, फोडणीतलं बी.

शनिवारी सकाळी मी शेडमध्ये जाऊन पोतं उघडलं. आत मोहरी नव्हती. लांबट, करड्या-हिरव्या रंगाचे दाणे होते, गव्हाच्या सडपातळ भावासारखे. मी मूठभर तळहातावर घेऊन बघितले.

पुढे जे मनात आलं ते इथे जसंच्या तसं लिहिते, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. मला वाटलं, हिने चुकीचं पोतं धरलंय. बाईंनी मोहरी सांगितली आणि ही कुठलंतरी धान्य पेरणार. आणि मला आनंद झाला. फोन खिशातच होता. ‘अगं, ही राई नाही’ एवढे चार शब्द. मी दाणे परत पोत्यात टाकले, तोंड होतं तसं बांधलं आणि ट्रामने द हेगला गेले. आपल्या किराण्याच्या दुकानातून मोहरीचं पाकीट आणलं. दुपारपर्यंत माझी डावी बाजू पेरून झाली. एक मूठ, पाच पावलं. बी बारीक म्हणून मूठ अर्धीच घेतली. तिने दुसऱ्या दिवशी आपली बाजू पेरली.

एक गोष्ट मला तेव्हाच खटकायला हवी होती. ती पुण्याची मुलगी. जन्मात कधी मोहरीला राई म्हणालेली नाही.

मोहरी पाच दिवसांत वर आली. ऑक्टोबरच्या मध्याला ती गुडघ्याच्या वर होती आणि नोव्हेंबर लागताना तिला फुलं आली. करड्या आभाळाखाली तेवढीच एक पिवळी जागा. बाकीचे बागवाले बघायला यायचे. उरल्यासुरल्या मधमाश्या घोंघावत असायच्या. दोरीच्या उजवीकडे वीतभर गवत होतं. खरंच गवतच दिसत होतं, आणि तेही आडवं पसरलेलं.

“तुझं भारी आलंय गं,” मैत्रीण म्हणाली. “माझं आपलं लॉन.”

“बी निवडताना विचार करावा लागतो,” मी म्हटलं.

“हो ना,” ती म्हणाली आणि माझ्या मोहरीचा फोटो काढून बाईंना पाठवू लागली. मी म्हटलं, राहू दे, त्या आल्या की प्रत्यक्ष बघू देत. मला त्यांचा चेहरा बघायचा होता.

त्या आठवड्यात मी एक पत्रक लिहिलं. बागेच्या फाटकाशी सूचना लावायची काचेची पेटी आहे, तिची किल्ली त्या वर्षी माझ्याकडे होती. डचमध्ये एक पान. विषय असा, की जगातल्या कुठल्याही स्वयंपाकघरातलं मूठभर बी कुठल्याही कंपनीशिवाय एक पट्टी फुलवू शकतं. आणि शेवटची ओळ, ‘पोत्यातून आयतं गवत पेरणं म्हणजे निसर्ग नव्हे, सजावट.’ कुणाचं नाव नव्हतं. पट्टीवर दोनच माणसं होती. आईसारखं तीनदा मोठ्याने वाचलं आणि लावलं.

मैत्रिणीने ते वाचलं असणार. ती फाटकातूनच आत येते. मला म्हणाली एवढंच, “व्याकरण छान आहे. मला अजून नामाआधी ‘द’ कुठे आणि ‘हेट’ कुठे लावायचं कळत नाही.” टोमणा होता की नव्हता, मी रात्रभर ठरवत राहिले.

डिसेंबरच्या सुरुवातीला चार दिवस कडक थंडी पडली. चरावर बर्फ धरला. चौथ्या दिवशी मी गेले तर माझी बाजू नव्हती. मोहरी एका रात्रीत पडलेली, पानं काळी, देठ उकडल्यासारखे लिबलिबीत. आठवड्याने वास येऊ लागला. दोरीच्या पलीकडे तिचं गवत बर्फाचे कण अंगावर घेऊन तसंच हिरवं होतं. उन्हात कण वितळले आणि ते पुन्हा उभं राहिलं.

जानेवारीत ससे आले. पहिल्यांदा लेंड्या दिसल्या, मग कुरतडलेले शेंडे, मग एका सकाळी ससाच. कान पाठीवर चपटे करून, उजव्या बाजूच्या बरोबर मध्यावर. मी चराच्या कडेला वीस मिनिटं उभी होते. तो माझ्या बाजूला एकदा आला, काळ्या देठांना हुंगलं आणि दोरीखालून परत गेला. जनावराचाही राग येऊ शकतो हे मला माहीत नव्हतं.

बाई त्याच आठवड्यात आल्या, चाकांचा वॉकर ढकलत. फाटकाशी थांबून त्यांनी माझं पत्रक पूर्ण वाचलं. किल्ली माझ्या खिशात असून मी ते काढलं नव्हतं. काढणं म्हणजे माघार, असं मी स्वतःला सांगत होते. मग त्या पट्टीपाशी आल्या. मैत्रीण त्यांच्या शेजारी होती, मी दोन पावलं मागे.

“इथे मोस्टर्ड कुणी पेरलं?” त्यांनी विचारलं. “मोस्टर्ड पहिल्या थंडीत मरतं. त्याचा उपयोगच तो, मरून खत होणं. मी राय सांगितलं होतं.”

राय. ज्याचा इथे काळा पाव करतात ते धान्य. बाईंनी इंग्रजीत ‘राय’ म्हटलं, मैत्रिणीने फोनला ‘राय’ म्हटलं, आणि मराठी लिहिणाऱ्या फोनने त्याची राई केली.

मैत्रिणीने खिशातून फोन काढला, सप्टेंबरचा तो मेसेज शोधला आणि कपाळावर हात मारला. “अगं, हे बघ. राई लिहिलंय. मी परत वाचलंच नाही.” मग बाईंना म्हणाली, “आजी, चूक माझी आहे. मी तिला चुकीचा शब्द पाठवला. सभेत हे सांगायला हवं. यावर्षीचं तिचं धरू नका.”

मला वाचवायला ती इतकी सहज पुढे आली, की मला तिचा त्या क्षणी सगळ्यात जास्त मत्सर वाटला. पट्टीसाठी नव्हे. असं बोलता येतं, त्यासाठी.

गप्प राहिले असते तर जमलं असतं. शब्द तिचा चुकला होता, तिनेच कबूल केलं होतं, कागदोपत्री मी निर्दोष होते.

“मी पोतं उघडून बघितलं होतं,” मी म्हटलं. “त्यात मोहरी नाही हे मला दिसलं. मला वाटलं, ही चुकतेय. आणि मी सांगितलं नाही.”

हे मी इंग्रजीत म्हटलं, दोघींना कळावं म्हणून. मैत्रिणीने फोन खिशात टाकला.

“म्हणजे मी तोंडावर पडावं म्हणून,” ती मराठीत म्हणाली.

“हो.”

“आणि पोत्यातलं आयतं गवत म्हणजे मी.”

“हो.”

“ते कळलं होतं,” ती म्हणाली. “डच माझं इतकंही वाईट नाही.”

बाईंना मराठी कळलं नाही, पण त्यांनी विचारलंही नाही. वाकून हिरवं पातं तोडता येईना म्हणून वॉकरवर टेकून नुसत्या बघत राहिल्या.

फेब्रुवारीच्या सभेत पट्टी मैत्रिणीला मिळाली. टाळ्या वाजल्या, मीही वाजवल्या, थोड्या उशिरा. ती नंतर म्हणाली, दोरी राहू दे, डावी बाजू तुझीच. मी म्हटलं, नको, एका पट्टीला एकच माणूस बरा.

“हे तत्त्व आहे की रुसवा?”

“माहीत नाही.”

“मग सप्टेंबरपर्यंत ठरव. मला एकटीला तेवढं पेरून होत नाही. आणि या वेळी मेसेज नाही पाठवणार, दाणा हातात देईन.”

त्याच दुपारी मी सूचनापेटी उघडून माझं पत्रक काढलं. त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर जाड पेनने डचमध्ये लिहिलं: ‘डावीकडे मोहरी होती, ती थंडीत मेली. ती पेरणारी मी. उजवीकडचं गवत नाही, राय आहे. ससे ते खातात.’ तीनदा मोठ्याने वाचलं. मग पेटीला कुलूप लावून किल्ली मैत्रिणीकडे दिली.

ती पट्टीकडे बोट दाखवत होती. उजव्या बाजूला आता दोन ससे होते. मी पाहिले, आणि अजूनही वाटलं, ते माझ्या बाजूला असायला हवे होते.